‘न्यू स्लँग’: सिनेमाने गाणं मोठं केलं की पळवलं?

निशाचर
काल बऱ्याच वर्षांनी ‘गार्डन स्टेट’ (२००४) पाहिला. डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेले असताना नॅटली पोर्टमन आपले जाडजूड हेडफोन झॅक ब्राफला देते. हे ऐक, आयुष्य बदलेल, असं वर सांगते. मग द शिन्स ह्या अमेरिकन बँडचं ‘न्यू स्लँग’ सुरू होतं आणि ती त्याचा चेहरा न्याहाळत बसते.

तेव्हा भारावलो होतो, काल वैताग आला. मुळात गाणं आहे केवढंसं! गिटार, खंजिरी, आणि शब्द सुरू व्हायच्या आधीचं ते गुणगुणणं. बँडचा गायक जेम्स मर्सरने आपल्या आल्बुकर्की शहराला विटून लिहिलेलं, चांगलंच कडवट. त्याच्या कपाळावर ‘आयुष्य बदलणारं’ अशी पाटी ठोकली. आता कुणालाही ऐकवा, माणूस आधीच परीक्षकाच्या खुर्चीत. माझ्या मते सिनेमाने गाणं पळवलं.

भरली_वांगी
काहीही! गाणं २००१ चं, सिएटलच्या सब पॉप ह्या रेकॉर्ड कंपनीचं. तेव्हा किती जणांनी ऐकलं होतं? सिनेमाचा साउंडट्रॅक अमेरिकेत दहा लाखांवर खपला, २००५ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. सिनेमानंतरचा शिन्सचा पहिला अल्बम २००७ मध्ये बिलबोर्डच्या अमेरिकन खपाच्या यादीत थेट दुसऱ्या नंबरवर उतरला. पळवलेल्या गाण्याच्या मालकाची अशी भरभराट होते होय?

निशाचर
खपाबद्दल कोण बोलतंय? रेडिओवर भावगीत ऐकताना डोळ्यांसमोरचं चित्र ज्याचं त्याचं असायचं. इथे डोळे मिटले तरी पोर्टमनबाईच दिसतात.

कोपऱ्यातला_स्पीकर
सोवळ्याचाच प्रश्न असेल तर ते २००२ मध्येच मोडलं. मॅकडोनल्ड्सच्या जाहिरातीत हेच गाणं वाजलं होतं आणि बँड विकला गेला म्हणून चाहत्यांनी शंख केला होता. बर्गर चालतो, प्रेमकथा नाही?

निशाचर
बर्गर विसरता येतो हो.

शेवंती
दोघांशीही अर्धवट सहमत. गाण्याची निवड अचूक आहे. नायक नऊ वर्षांनी न्यू जर्सीत परततो, तेही आईच्या अंत्यसंस्कारासाठी. गोळ्या खाऊन खाऊन बधिर झालेला. गाव सोडू पाहणाऱ्याचं गाणं गावी परतलेल्याच्या कानात! हा योग दिग्दर्शकाने (तोही ब्राफच) नकळत साधला असेल, तरी साधला.

घोटाळा त्या ‘आयुष्य बदलेल’ वाक्याचा आहे. ह्याच सिनेमात खाणीच्या कडेला, पावसात, तिघं जुन्या यंत्रावर चढून बेंबीच्या देठापासून ओरडतात. तिथे सायमन आणि गारफंकलचं ‘द ओन्ली लिव्हिंग बॉय इन न्यूयॉर्क’ आहे. ते ऐका म्हणून कुणी कुणाला सांगत नाही. मला तरी तेच जास्त लागलं.

भरली_वांगी
पण ते वाक्य नसतं तर आज आपण ह्या गाण्यावर भांडत बसलो असतो का?

निशाचर
शेवंतीताई, खाणीचा मुद्दा मान्य. पाटीचं म्हणणं मात्र मागे घेत नाही. आत्ताच धाकट्या भावाला नाव-गाव न सांगता ‘न्यू स्लँग’ लावून दिलं. म्हणाला, ‘दादा, आवाज कमी कर, कुकरच्या शिट्ट्या मोजतोय.’