१३ वर्षांच्या लॅब्रडोरला अचानक काय झालं? डॉक्टर लकवा म्हणतात, किती दिवस थांबू?

लोकमान्यनगरवाली, इंदूर

काल पहाटे साडेपाचला मागच्या अंगणात धप्प आवाज झाला. वाटलं, मांजरानं कुंडी पाडली. बघते तर आमचा बंडू तुळशीवृंदावनाला टेकून पडलेला. मान डावीकडे कललेली, उठायला गेला की पुन्हा डावीकडेच कोसळत होता. दोनदा पिवळी उलटी. पण सगळ्यात भयंकर डोळे. बुबुळं डावीकडे हळू सरकायची आणि झटक्यानं उजवीकडे यायची, पुन्हा सरकायची, पुन्हा झटका. मी त्याचं तोंड हातात धरलं तरी थांबेनात.

परवा रात्रीपर्यंत ठणठणीत होता हो. पोळ्यांच्या डब्याचं झाकण वाजलं की हजर.

डॉक्टर घरी आले, दोन मिनिटं पाहिलं. "लकवा आहे, वय झालंय, कशाला हाल करता" म्हणाले आणि शेवटच्या इंजेक्शनचं सुचवून गेले. हे म्हणतात, डॉक्टरांचं ऐकू. मुलगा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर नुसता रडतो. सासूबाई (८४) तेवढ्या म्हणाल्या, "अगं, ही माझ्यासारखी भोवळ आहे. मला नाही का पलंग फिरल्यासारखा व्हायचा?" आणि आपल्या चकरेच्या गोळ्यांतली एक काढून माझ्या हातावर ठेवली. अजून दिली नाहीये त्याला.

किती दिवस वाट बघायची? पाणी कसं पाजायचं? आणि ३१ किलोचं हे धूड शी-शूला न्यायचं कसं? माझी कंबर आधीच गेलेली आहे.

महूकर

गोळी आधी डबीत परत ठेवा. माणसाचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

आजींचं निदान मात्र मला जास्त पटून राहिलं आहे. आतल्या कानात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. म्हाताऱ्या कुत्र्यांत ती कधीकधी एका रात्रीत बिघडते आणि कारण सापडतच नाही. व्हेस्टिब्युलर म्हणतात याला. दिसतं अगदी लकव्यासारखं, म्हणून भलेभले फसतात. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. साधारण ७२ तासांत उतार पडू लागतो, दोन-तीन आठवड्यांत बहुतेक कुत्री चालायला लागतात. मान थोडी वाकडी राहिली तर राहिली.

पण गृहीत धरू नका. बुबुळं आडवी हलतात म्हणालात, ते त्यातल्या त्यात बरं. वर-खाली हलली तर मेंदूकडे संशय जातो. आणखी एक करा: कुणाला तरी त्याला पोटाखालून धरून उभा करायला सांगा, एकेक पंजा उलटा करून जमिनीवर टेकवा. लगेच सरळ केला तर छान. तसाच उलटा ठेवून राहिला तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

दुसऱ्या डॉक्टरांना दाखवाच. कानात दुर्बीण घालून बघायला सांगा आणि त्याआधी कुठलेही थेंब टाकू नका. पडदा फाटलेला असला तर काही थेंब आतला कान आणखी बिघडवतात. थायरॉइड आणि गोचीडतापासाठी रक्त तपासा. उलटीसाठी मॅरोपिटंटचं इंजेक्शन मिळतं, त्यानं निम्मा त्रास कमी होतो. इथलं महूचं वेटर्नरी कॉलेज १९५५ पासूनचं आहे, इंदुरात जमलं नाही तर घेऊन या. आणि हो, जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल चालू होतं का हल्ली? त्याचा डोस जास्त झाला तरी कुत्रं असंच पडतं.

मांडवीची मावशी, बडोदा

आमच्या टिपूला झालं होतं तेव्हा मी घरातल्या सगळ्या सतरंज्या फरशीवर अंथरल्या. गुळगुळीत फरशीवर पाय घसरला की ती जास्त घाबरतात. जिना असेल तर आडवं काहीतरी लावा. रात्री छोटा दिवा चालू ठेवा. कानाचा भरवसा गेला की डोळ्यांवरच तोल सांभाळतात ती. तो आडवा पडलेला असताना पाणी तोंडात ओतू नका, फुप्फुसात जाईल. छाती जमिनीला टेकवून बसवा, मान धरा, वाटी तोंडाशी न्या. पोटाखालून जुना टॉवेल घालून दोन्ही टोकं धरली की कंबर वाचते. आणि तीन-चार तासांनी कूस बदला.

लष्करवाला, ग्वाल्हेर

सगळ्यांचं असंच होतं असं नाही, म्हणून लिहितोय. आमच्या राणीला चौथ्या दिवशीही उतार नव्हता, उलट एका बाजूचे पाय ओढायला लागली, नंतर झटके आले. मेंदूचंच होतं. नवव्या दिवशी आम्ही तिला जाऊ दिलं. ताई, वाट बघा, पण चौथ्या दिवशी परत तपासून घ्या.

लोकमान्यनगरवाली, इंदूर

आज सहावा दिवस. त्याच दिवशी दुपारी दुसरीकडे नेलं. पंजे पटापट सरळ केले त्यानं. कान साफ आहेत, थायरॉइड ठीक, मेट्रोनिडाझोल वगैरे काही चालू नव्हतं. उलटीचं इंजेक्शन आणि सलाईन दिलं. गणपतीची मोठी जाजमं माळ्यावरून काढली, हॉलभर पसरली. तीन रात्री मी खालीच झोपले. त्याचा एक पंजा माझ्या दंडावर नसला की कण्हायचा.

लष्करवाले दादा, तुमचं वाचून चौथ्या दिवसापर्यंत घास गिळला नाही. पण तिसऱ्या रात्रीच डोळे थांबले होते. चौथ्या दिवशी हातानं दहीभात खाल्ला. काल टॉवेल धरून फाटकापर्यंत गेला. आज विजेच्या खांबाशी सवयीनं तंगडी वर केली, धाडकन पडला, स्वतःच उठला आणि मग शहाण्यासारखा बसून केली. मान अजून वाकडी आहे. सकाळी पोह्यांच्या पुड्याकडे वाकड्या मानेनंच बघत होता. कांद्याचे म्हणून दिले नाहीत, तर रुसला.

यांनी त्या पहिल्या डॉक्टरांचा नंबर फोनमधून काढून टाकलाय. बोलले काही नाहीत, मला दिसलं.

सासूबाईंनी गोळी परत मागितली. त्यांच्या हिशोबात एक कमी येत होती.