छातीतले दडपण: पित्त की हृदय?

प्रश्न: माझ्या वडिलांना (वय ५८, मधुमेह) गेल्या आठवड्यापासून जिना चढताना छातीच्या मध्यभागी दडपल्यासारखे होते आणि थोडे थांबल्यावर ते ओसरते. ते पित्ताची गोळी चघळून गप्प बसतात. डॉक्टरांकडे जाण्याची घाई करावी का?

उत्तर १: करावी, आज-उद्याच. श्रमाने येणारे आणि विश्रांतीने जाणारे दडपण हे हृदयाच्या स्नायूला रक्त अपुरे पडत असल्याचे नेहमीचे लक्षण आहे. पित्ताची जळजळ सहसा जेवणानंतर किंवा आडवे झाल्यावर वाढते, जिन्याशी तिचे फारसे देणेघेणे नसते. स्वस्थ असताना काढलेला ईसीजी अशा रुग्णांत अगदी व्यवस्थित येऊ शकतो, त्यामुळे तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये.

उत्तर २: बोटाने दाबल्यावर एकाच जागी दुखत असेल तर बरगडीच्या कूर्चेची सूज, खोल श्वासासरशी टोचत असेल तर फुप्फुसाच्या आवरणाचा दाह, क्वचित पुरळ उठण्याआधीची नागीणही असू शकते. मात्र ही अनुमाने घरबसल्या काढण्याची नव्हेत, कारण मधुमेहात हृदयविकाराचा झटका वेदनेशिवाय, नुसत्या धापेने किंवा मळमळीने येऊ शकतो.

उत्तर ३: तपासणीपूर्वीच बसल्या जागी दडपण आले आणि काही मिनिटांत गेले नाही, किंवा सोबत दरदरून घाम, धाप, जबड्यात वा हातात कळ असेल, तर लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. इमारतीला लिफ्ट नसेल तर त्यांना चालत उतरवू नये, खुर्चीत बसवून खाली न्यावे.