आइस प्लांटमध्ये स्वस्त पॉलिमर गॅस सेन्सर: लावावेत की नाही?

खाजन
थोडं स्पष्टच लिहितो. मी ज्या ज्या बर्फाच्या कारखान्यांच्या कॉम्प्रेसर रूममध्ये गेलो, तिथे बर्फ गोठवायला वापरतात त्या अमोनिया वायूचा डिटेक्टर एक तर नव्हता, नाहीतर होता पण शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. गळती शोधायची पद्धत अजून तीच: गंधकाची कांडी पेटवायची, व्हॉल्व्हच्या ग्लँडजवळ, फ्लँजच्या कडेने फिरवायची आणि पांढरा धूर दाट झाला की तिथे पाना लावायचा. गळती नेमकी कुठे आहे ते कांडी चोख दाखवते, पण रात्री दोन वाजता कांडी घेऊन फिरणार कोण?

माझं म्हणणं असं की पॉलिअॅनिलिनसारख्या वाहक पॉलिमरचे सेन्सर आता आइस प्लांट आणि मासळी प्रक्रियेच्या युनिटांत सरसकट लावावेत. वीज वाहणाऱ्या पॉलिमरच्या शोधाला २००० साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं (हीगर, मॅकडायार्मिड, शिराकावा), म्हणजे ही काल-परवाची टूम नव्हे. पॉलिअॅनिलिनची फिल्म वाहक अवस्थेत हिरवी असते. अमोनिया तिच्यातले प्रोटॉन काढून घेतो, फिल्म निळसर होते आणि तिचा विजेला होणारा रोध चढतो. हवा स्वच्छ झाली की बऱ्याच अंशी पूर्ववत. टिन ऑक्साइडच्या सेन्सरला २००-४०० अंशांपर्यंत तापवावं लागतं, हा खोलीच्या तापमानाला चालतो. हीटर नाही, म्हणून बॅटरीवरही भागतं. शिवाय फिल्म छापता येते. एका महागड्या डिटेक्टरऐवजी खोलीत सहा ठिकाणी लावा.

२०१८ च्या जानेवारीत गोव्यातल्या चिखलीला अमोनियाचा टँकर उलटला, तेव्हा लोकांना झोपेतून उठवून बाहेर काढावं लागलं होतं. ते रस्त्यावर झालं म्हणून सगळ्यांना कळलं. कारखान्याच्या चार भिंतींत काय होतं ते बाहेर येत नाही.

रिले_ट्रिप
खाजनबाब, मी हीच उपकरणं दुरुस्त करतो, म्हणून राहवत नाही. तुमचा सेन्सर प्रयोगशाळेत उत्तम. गोव्यात आणा आणि जुलैपर्यंत थांबा.

पॉलिअॅनिलिन पाणी शोषतं आणि ओलाव्याने त्याची वाहकता बदलते. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास, आणि आइस प्लांटमध्ये तर बाराही महिने भिंतींना घाम. गॅस वाढला की दमटपणा वाढला, हे एकट्या रोधावरून कळणार कसं?

दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही. मासळी शिळी व्हायला लागली की ट्रायमिथाइलअमाइन सुटतं. तोही अमोनियासारखा बेसच, म्हणजे प्रोटॉन ओढून घेणारा. पॉलिअॅनिलिनच्या दृष्टीने अमोनिया आणि अमाइन सख्खे भाऊ. प्रोसेसिंग हॉलमध्ये लावलात तर बांगड्याची जुनी क्रेट आत आली की भोंगा!

शिफ्टवाला
भोंगा दोनदा उगाच वाजला की तिसऱ्यांदा कोण काय करतो ते मी सांगतो. बझरची वायर काढतो. आमच्याकडे एका पॅनेलवर तर टेपने बांधून ठेवलाय.

खाजन
@रिले_ट्रिप, मग प्रोसेसिंग हॉल सोडा. कॉम्प्रेसर रूममध्ये मासळी येते कुठून? आणि आर्द्रतेवर उपाय आहे: तसाच दुसरा सेन्सर शेजारी ठेवायचा, वाफ आत जाईल पण अमोनिया अडेल अशी व्यवस्था करायची आणि दोघांतला फरक मोजायचा.

तुमच्या नेहमीच्या डिटेक्टरांतले इलेक्ट्रोकेमिकल सेल तरी कुठे धुतल्या तांदळासारखे? अमोनियाचा सेल गॅस खाऊनच संपतो. जिथे थोडी गळती कायमचीच आहे, तिथे तो मुदतीआधी मरतो, आणि मेलेला सेल डिस्प्लेवर शून्यच दाखवतो. शून्य दिसलं की सगळे खूश.

रिले_ट्रिप
म्हणून तर बंप टेस्ट असते. सेन्सरला माहीत असलेला गॅस मुद्दाम दाखवायचा, अलार्म वाजतो का बघायचं. मेलेला सेल तिथेच पकडला जातो. एका डिटेक्टरची टेस्ट होत नाही हीच तुमची तक्रार ना? मग सहांची कोण करणार?

आणि वाफ जाईल पण अमोनिया अडेल असा पडदा दाखवा. दोन्ही रेणू लहान, दोन्ही पाण्याचे सोयरे. कागदावर सोपं आहे. त्यापेक्षा आर्द्रतेचा वेगळा सेन्सर लावून हिशेबात वजा करा, पण मग स्वस्ताई कुठे राहिली?

रसायन_बाई
दोघेही एकच आकडा डोक्यात ठेवून भांडताय. कामाच्या जागी हवेतल्या अमोनियाची आठ तासांची मर्यादा २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५), पंधरा मिनिटांची ३५, आणि ३०० ला जीव धोक्यात. २५ नेमकं मोजायचं असेल तर रिले_ट्रिप बरोबर, छापील पॉलिमरवर मी विसंबणार नाही. पण सील फुटलं आणि मिनिटभरात शेकडो पीपीएम झाले, हे ओळखायला इतकी अचूकता लागत नाही. दमटपणाने रोध हळूहळू सरकतो, फुटलेल्या लाइनने उडी मारतो. उडीवर अलार्म लावा.

जागेचंही कुणी बोललं नाही. अमोनिया हवेपेक्षा हलका म्हणून सेन्सर छताजवळ लावतात. पण द्रव अमोनिया फुटला तर थंड धुक्यासारखा खालीच पसरतो. म्हणून सेन्सर वर-खाली दोन्हीकडे लागतात. अनेक स्वस्त सेन्सरांच्या बाजूने मला पटणारा युक्तिवाद हाच, किमतीचा नव्हे.

कळंगुट_एसटीपी
हॉटेलांच्या सांडपाण्याच्या टाक्यांनाही हे चालेल का? माणूस उतरण्याआधी आत टाकून बघायला?

रिले_ट्रिप
अजिबात नको! टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. तो फारच सौम्य आम्ल, शुद्ध पॉलिअॅनिलिन त्याला फारसं दाद देत नाही. तांब्याचं क्लोराइड मिसळलेल्या फिल्म आहेत, पण त्यात तांब्याचं सल्फाइड बनतं आणि ते सहजी उलटत नाही. एका वापराच्या पट्टीसाठी ठीक, रोजच्या टाकीसाठी नाही. आणि हा वायू १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर करतो, म्हणजे वास गेला की धोका गेला असं वाटतं. टाकीसाठी ऑक्सिजनसकट चार गॅस दाखवणारं प्रमाणित मीटरच, दोरीने तळापर्यंत सोडून. आणि हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा वाचा: साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे.

खाजन
टाकीच्या बाबतीत वाद नाही, मी आइस प्लांटचंच बोलत होतो. बाईंचं उडीवालं सुचवणं घेतो. प्रमाणित डिटेक्टर एक राहू दे, त्याच्या जोडीला वर-खाली पॉलिमर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बर्फाची मागणी उतरते, तेव्हाच सेन्सर बसवायचे. भर पावसात, म्हणजे रिले_ट्रिपना जे दाखवायचंय तेही दिसेल.

रिले_ट्रिप
चालेल. दोन महिन्यांच्या नोंदी इथे टाका, खोटे अलार्म वगळू नका. आणि बसवण्याआधी अमोनियाच्या कॅल गॅसचा (टेस्टसाठीच्या, प्रमाण माहीत असलेल्या गॅसचा) सिलिंडर मालकाकडून घ्यायला लावा. तो नसेल तर मला बोलावू नका.

शिफ्टवाला
भोंगा पॅनेलच्या दाराआड नको, खोलीच्या बाहेर उंचावर लावा. तिथे शिडी लागते. शिडीची किल्ली सुपरवायझरकडे असते.