कार्डिफचे कोल एक्स्चेंज: दर्शनी भिंत ठेवून आतले पाडावे का?

बीमकॉलम
वेल्समधल्या कार्डिफच्या गोदीभागात, माउंट स्टुअर्ट स्क्वेअरभोवती कोळशाच्या दलालांच्या नि जहाजमालकांच्या जुन्या कचेऱ्या आहेत. चौकाच्या मधोमध, जिथे आधी बाग होती तिथे, कोल एक्स्चेंज, म्हणजे कोळशाच्या सौद्यांचा बाजार (१८८०चे दशक, वास्तुविशारद एडविन सेवर्ड). १९१३ साली कार्डिफहून १ कोटी टनांवर कोळसा गेला. १९५८ला एक्स्चेंज बंद झाले, १९६४ला कोळशाची निर्यातही थांबली. २०१३मध्ये इमारत धोकादायक म्हणून बंद केली. नंतर हॉटेल आले, पण २०२०मध्ये ती हॉटेल कंपनीच दिवाळखोरीत गेली. माझे मत: चौकातल्या अशा इमारतींची दर्शनी भिंत राखा, मागे नवा सांगाडा उभारा. नाहीतर दहा वर्षांनी भिंतही उरणार नाही.

चुनखडी
असहमत. भिंत राखणे स्वस्त पडते हा गैरसमज आहे. आधी फुटपाथवर पोलादी मनोरे उभे करावे लागतात, वाऱ्याने उलथू नयेत म्हणून त्यांच्या पायाशी काँक्रीटचे ठोकळे. खिडक्यांच्या गाळ्यांतून आडवे बीम घालून भिंत दोन्ही अंगांनी चिमट्यात धरायची, दगड आणि पोलादाच्या मध्ये लाकडी पाचरी. मग वरून खाली एकेक मजला काढायचा, तड्यांवर मापक लावून रोज नोंद ठेवायची.

खरा घोटाळा पुढे होतो. गोदीखालची जमीन म्हणजे खाडीचा मऊ गाळ आणि भराव. नवा सांगाडा खोल पाइल्सवर, म्हणजे जमिनीत खोलवर रोवलेल्या खांबांवर, तो खचत नाही. जुनी भिंत उथळ पायावर, ती थोडी थोडी खचतच असते. दोघांना घट्ट बोल्टने जखडले की खिडक्यांच्या कोपऱ्यातून तडे निघतात. म्हणून वरखाली सरकू देणारे जोड लागतात. पैसे वाचवताना नेमके तेच गाळतात.

बीमकॉलम
जोडांचे मान्य. पण आतली डागडुजी तरी कुठे सोपी आहे? बाथ स्टोनच्या (पिवळसर चुनखडकाच्या) भिंतीत दगड एकमेकांना धरून ठेवणारे लोखंडी क्लॅम्प असतात. पाणी पोचले की ते गंजतात, गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट फुगतो आणि दगडाची कड उडते. प्रत्येक क्लॅम्प शोधून तिथे स्टेनलेस स्टील घालायचे, याचा हिशोब कुणी मांडला आहे?

चुनखडी
ते काम दर्शनी भिंतीचेच आहे, तुमच्या योजनेतही ते सुटत नाही! आणि पाणी पोचते कुठून? निम्म्या वेळा छताच्या कठड्यामागच्या शिशाच्या पन्हाळीतून. पत्र्याचा एक तुकडा अडीच मीटरपेक्षा लांब टाकला की उन्हाथंडीत ताणून फाटतो. दुसरे कारण सिमेंटचे दर्जे, म्हणजे दगडांच्या सांध्यांत भरलेले सिमेंट. सिमेंट दगडापेक्षा कडक, त्यामुळे ओल सांध्यातून बाहेर पडत नाही, दगडातून पडते आणि दगड पापुद्र्यांनी सुटतो. चुन्याचाच दर्जा हवा, आणि जुना खरवडताना ग्राइंडर नको, छिन्नी.

खारवा
तुमचा वाद चुना-सिमेंटचा, पण निर्णय होतो करावर. ब्रिटनमध्ये नव्या घरबांधणीवर व्हॅट शून्य, दुरुस्तीवर २० टक्के. संरक्षित घरांमध्ये परवानगी घेऊन केलेल्या बदलांना सवलत होती, तीही ऑक्टोबर २०१२पासून गेली. गंमत अशी की फक्त एक दर्शनी भिंत (कोपऱ्यावरच्या प्लॉटला दोन) उरली आणि ती राखणे ही परवानगीचीच अट असेल, तर मागचे काम करखात्याच्या लेखी नवी इमारत. म्हणजे फ्लॅट बांधणाऱ्याला आतले पाडण्याचे बक्षीस सरकारच देते.

बीमकॉलम
मग बिल्डरला दोष का देता? आणि पाण्याचेही बघा. १९९९ला कार्डिफच्या खाडीच्या तोंडावरचा बंधारा पुरा झाला, भरती-ओहोटीच्या खाडीचे सुमारे २०० हेक्टरचे गोड्या पाण्याचे तळे झाले. भूजल वर येऊन तळघरे ओली होतील ही भीती इतकी खरी होती, की १९९३च्या बंधारा कायद्यातच त्यासाठी तरतूद करावी लागली. जुन्या तळघरांना असले डोके लावत बसण्यापेक्षा नवे जलरोधक तळघर बरे.

चुनखडी
मऊ गाळात नवे खोल तळघर खोदताना शेजारच्या भिंती कोण सांभाळणार? आणि कोल एक्स्चेंजचा जीव आतल्या सौद्यांच्या दालनात आहे. १९११-१२ला ते नव्याने सजवले, ओकच्या लाकडाच्या गॅलऱ्या आहेत. एक्स्चेंज होण्याआधी व्यापारी दारातल्या पाटीवर खडूने भाव लिहीत, नाहीतर दारूच्या गुत्त्यात सौदे करीत. तो सगळा व्यवहार या दालनात आला. भिंत ठेवून दालन पाडणार?

खारवा
तिथेच दहा लाख पौंडांचा पहिला चेक लिहिला म्हणतात. साल मात्र सांगणाऱ्यागणिक बदलते, १९०१पासून १९०९पर्यंत. तेवढ्यावर इमारत वाचवू नका. दालन पुरेसे आहे.

बीमकॉलम
दालनापुरते मान्य. पण शेजारच्या कचेऱ्यांत आत जुने काही उरलेले नसेल, तर माझे मत तेच.

चुनखडी
उरले आहे की नाही हे नोंदीवरून ठरवू नका, फॉल्स सीलिंग उचलून बघा. नव्या मजल्यांची उंची तीन मीटर आणि जुनी चारच्या आसपास, म्हणजे तुमचा नवा स्लॅब खिडकीच्या मधूनच जाणार. रस्त्यावरून ते रोज दिसेल.