आधी होज चाचपून बघा
जुन्या लँड रोव्हरचा हीटर गार हवा फुंकतो म्हणून थेट नवा, मोठा हीटर बसवायचं काही जण ठरवतात. जरा थांबा. इंजिन तापल्यावर हीटरच्या दोन्ही होजना, म्हणजे इंजिनचं गरम पाणी आत-बाहेर नेणाऱ्या रबरी नळ्यांना, हात लावा (जपून, चटका बसतो). दोन्ही कोमटच असतील तर बहुतेक थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडा अडकलाय. इंजिनच तापत नसेल तर हीटर काय करणार? एक गरम, दुसरा गार असेल तर कोअर (हीटरच्या आतला, गरम पाणी फिरणारा छोटा रेडिएटर) तुंबलाय किंवा हीटरच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद आहे. माझा कोअर उलट्या दिशेने पाणी सोडून धुतला, तेव्हा गंजाचा तांबडा गाळ निघतच राहिला.

तरीही नवाच घेणार असाल तर अर्थिंग, म्हणजे बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय ते, तपासा. सुरुवातीच्या गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला असायचं. त्यामुळे नव्या हीटरच्या वायरी उलट्या लागल्या तर ब्लोअर (हवा फेकणारा पंखा) उलटा फिरतो. हवा येते, पण मेल्यासारखी.