मदत हवी आहे, तातडीने: ली-एनफील्ड आणि माउझरमधून नेम धरताना काय दिसतं?

पेनफुट्या
दुसऱ्या महायुद्धावरच्या चित्रकथेत दोन चौकटी अडल्यात. एकजण ब्रिटिश ली-एनफील्ड रायफलने नेम धरतोय, समोरचा जर्मन कार९८के माउझर रायफलने. डोळ्याला नेमकं काय दिसेल? फोटो पाहावेत तर प्रत्येक एनफील्ड वेगळी. इतिहास नको, काय काढू तेवढं सांगा.

जुनाबार
कुठली एनफील्ड? नंबर १ मार्क ३ की नंबर ४? पहिलीची मागची साइट, म्हणजे नेम धरायचा भाग, नळीवर, यू आकाराची खाच. नंबर ४ला तीच पार डोळ्याजवळ आली, गोल छिद्राची.

अर्धचष्मा
छिद्रवालीच काढा, तीच सरस! माशी (नळीच्या टोकावरची पुढची साइट) आणि मागची साइट यांतलं अंतर १९ इंचांवरून २८वर गेलं, म्हणजे नेमातली चूक कमी. शिवाय चाळिशीनंतर खाच धूसरच दिसते.

खाचप्रेमी
सरस कोण हे विचारलंय कुणी? आणि संध्याकाळी त्या बारीक छिद्रातून माशी शोधून दाखवा.

अर्धचष्मा
म्हणून तर ३०० यार्डांसाठी वेगळं मोठं छिद्र दिलं होतं. आधी बंदूक हातात घ्या, मग बोला.

दूरदर्शी
नंबर ४ टी या स्नायपर रायफलला नंबर ३२ दुर्बीण बसायची. तीच दाखवा, चौकट भारी दिसेल.

पेनफुट्या
अहो, स्नायपर नाहीये तो! साधा ऑस्ट्रेलियन शिपाई, लिबियातलं तोब्रुक, १९४१.

जुनाबार
हे आधी सांगायचं ना! मग मार्क ३च. यू खाचेत मधोमध सपाट माथ्याची माशी, माथा खाचेच्या काठाशी समपातळीत, दोन्ही बाजूंना संरक्षक कान. माउझरला व्ही खाच आणि त्रिकोणी माशी, टोक काठाशी. दोन्हीकडे माशी ठसठशीत काढा, खाच आणि शत्रू धूसर. सगळं स्पष्ट काढलंत तर जाणकार हसतील.

गंजलेला
मार्क ३च्या डाव्या बाजूला पूर्वी व्हॉली साइटही असायची, २८०० यार्डांपर्यंतची! माणूस दिसतही नाही तिथे. अख्ख्या तुकडीने मिळून गोळ्यांचा पाऊस पाडायचा. पहिल्या महायुद्धात मार्क ३* या सुधारित आवृत्तीवर ती काढून टाकली.

पेनफुट्या
इतिहास नको म्हटलं होतं. असो. माउझरच्या माशीवर ते गोल टोपण काढू का?

खाचप्रेमी
नको. टोपण निघतं, नसलेले फोटोही भरपूर आहेत. वर्तुळ दिसलं की लोक छिद्रवाली साइट समजतील.

अर्धचष्मा
समजू देत की, छिद्रवालीच चांगली.