मदत हवी आहे: बॉनेटमध्ये फायर सिलिंडर मारला, आता गाडी धुऊन चालू करू का?

सुकट_बोंबील: कसालहून मालवणला येताना बॉनेटमधून धूर, मग डाव्या बाजूने ज्वाळा. सीटखालचा सिलिंडर काढला, पिन ओढली, मारला. विझली. आता इंजिनभर पिवळट पावडर बसलीय. पाण्याने धुऊन चालू करू का? उद्या सकाळी कुडाळ स्टेशनवरून पार्टी आणायचीय. मेकॅनिक फोन उचलत नाही. लवकर सांगा.

घाटवळण: गाडी कुठली, पेट्रोल, डिझेल की गॅस? आग कशाने लागली? सिलिंडरवर एबीसी लिहिलंय की बीसी, म्हणजे आत पावडर कुठली?

सुकट_बोंबील: सात सीटर. सिलिंडर लाल, एक किलोचा. मी धुवायचं विचारलंय.

हापूसपेटी: लाल तर सगळेच असतात हो. धुवा बिनधास्त, सर्व्हिसिंगला फवारा मारतातच की.

घाटवळण: अजिबात नको. एबीसीत मोनो अमोनियम फॉस्फेट असतं, ओल लागली की आम्ल होऊन अॅल्युमिनियम आणि वायरींची टोकं खातं. आपल्या खाऱ्या हवेत तर नुसती पडून राहिली तरी ओल धरते. आधी बॅटरीची वायर काढा. मग व्हॅक्यूमने ओढा, उरलेली ब्रशने. सायलेन्सरच्या पाइपावर ती वितळून काचेसारखी चिकटली असेल, ती निवल्यावर खरवडा. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात पिळलेलं फडकं. एअर फिल्टर बदलाच. आणि आग का लागली ते कळेपर्यंत चावी फिरवू नका.

रेवस_ते_रेडी: हात लावण्याआधी फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा. साफ केल्यावर सर्व्हेअर काय बघणार, कपाळ?

भरतीओहोटी: म्हणून मी सीओटूचा, कार्बन डायऑक्साइड गॅसचा सिलिंडर ठेवतो. पावडर नाही, घाण नाही.

घाटवळण: बंद खोलीत ठीक. रस्त्यावर, आपल्या वाऱ्यात, गॅस उडून जातो आणि तापलेलं इंजिन पुन्हा पेटतं.

भरतीओहोटी: माझी नाही पेटली.

घाटवळण: तुमची आग कधी लागली?

भरतीओहोटी: अजून नाही लागली.

गाबतीण_माय: बॉनेट पुरा उघडलंस काय रे झिला?

सुकट_बोंबील: न उघडता मारणार कसा? उघडल्यावर भडका वर आला, भुवया थोड्या होरपळल्या, पण विझली ना.

गाबतीण_माय: आतला लीव्हर ओढलास की फट पडता, तितक्यातसून नळी घालून मारूचा. पुरा उघडल्यार हवा मिळता. एक किलोचो सिलिंडर आठ-धा सेकंदात खलास, तेवढ्यात न विझली तर लांब पळ. माझ्या घोवान ट्रकार शिकवल्यान.

रेवस_ते_रेडी: आगीचं कारण म्हणाल तर, पावसात उंदीर वायरी खातात, नारळाच्या सोडणाचे तुकडे नेऊन बॅटरीखाली घर करतात. आमच्याकडे तेच निघालं. बघा तिथे.

हापूसपेटी: मुंबई-गोवा हायवे २०११ पासून होतोय. तो धड असता तर बंब तरी वेळेवर आला असता.

घाटवळण: हायवे दुसऱ्या धाग्यावर घ्या. सुकट, इंधन सांगा.

सुकट_बोंबील: सीएनजी. पण डिकीतल्या टाकीला काही झालेलं नाही, आग पुढे होती. काय संबंध?

घाटवळण: हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. भरल्या टाकीत २०० बारचा दाब असतो आणि नळी पुढे इंजिनपर्यंत येते. टाकीचा व्हॉल्व्ह आत्ता हाताने बंद करा, गाडी घरापासून लांब उघड्यावर ढकला. व्हॅक्यूमही नको, त्याची ठिणगी पडते. गॅसवाल्याने नळी आणि रेग्युलेटर तपासल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही.

सुकट_बोंबील: व्हॉल्व्ह बंद केला. टोइंगवाल्याला सांगितलं. फायर सिलिंडरचा काटा अजून हिरव्यात आहे, तो ठेवतो गाडीत.

घाटवळण: नको. एकदा दाबला की व्हॉल्व्हच्या तोंडात पावडर अडकते, दाब हळूहळू निघून जातो. रिफिल करून घ्या. आणि सात सीटरला दोन किलोचा घ्या.

सुकट_बोंबील: बरं. उद्या सकाळी कुडाळला कोणाची सात सीटर मोकळी आहे का?

हापूसपेटी: माझी आहे. एसी चालत नाही.